लेसरचे दाणे कुठे असतात?

लाल प्रकाशाचा छोटा लेसर पॉइंटर आता कुणालाच नवा राहिलेला नाही. व्याख्यानात पडद्यावरची आकृती दाखवायला, जत्रेतले खेळणे म्हणून, किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेला, असा तो सगळीकडे दिसतो. त्याचा ठिपका भिंतीवर पडला, की आपण ठिपक्याकडे पाहत नाही. ठिपका ज्या अक्षरावर किंवा चित्रावर पडला आहे, तिकडे पाहतो. या लेखात आपण फक्त ठिपक्याकडेच पाहणार आहोत.

त्याआधी एक नियम सांगायला हवा. पॉइंटर एक मिलिवॉट किंवा त्याहून कमी शक्तीचा असावा, आणि तो शिक्षकांच्याच हातात असावा. झोत कुणाच्याही डोळ्यांत जाता कामा नये. आरसा, स्टीलचे भांडे, घड्याळाची काच अशा गुळगुळीत वस्तूंवरही तो पाडू नये. या नियमाचे कारण पुढे येईलच, आणि ते आपल्या विषयापासून दूरचे नाही.

दिवसा उजेडात ठिपका फार लहान आणि फार झगझगीत दिसतो. म्हणून खोलीत थोडा अंधार करा. पॉइंटर टेबलावर पक्का बसवा आणि त्याच्या तोंडासमोर एक बहिर्वक्र भिंग धरा. प्रकाश पसरून समोरच्या चुन्याच्या भिंतीवर तळहाताएवढा लाल डाग पडेल. आता दोन-तीन मीटर अंतरावरून त्याच्याकडे निवांत पाहा. डाग सपाट, एकसारखा लाल दिसत नाही. तो रव्यासारखा दाणेदार दिसतो. काळ्या पार्श्वभूमीवर लाल दाणे विखुरल्यासारखे वाटतात आणि ते सारखे चमचमतात. शेजारी साध्या बॅटरीचा प्रकाश लाल कागदातून पाडला, तर त्या डागात असे काहीही दिसत नाही. भिंत तीच, रंग जवळपास तोच, मग हे दाणे कुठून आले?

दाणे भिंतीवर आहेत का?

वर्गात हा प्रश्न विचारला, की पहिले उत्तर ठरलेले असते: भिंत खडबडीत आहे, तिचेच दाणे दिसतात. उत्तर चुकीचे ठरवण्याची घाई न करता मुलांनाच त्याची परीक्षा घेऊ द्यावी. चार सोप्या चाचण्या पुरेशा आहेत.

पहिली चाचणी: पॉइंटर आणि भिंत जागच्या जागी ठेवून फक्त आपले डोके हळूहळू डावीउजवीकडे हलवा. दाणे चमकतात, विझतात, सरकल्यासारखे वाटतात. भिंतीवरचा खिळा किंवा चुन्याचा पोपडा डोके हलवल्याने असा बदलत नाही.

दुसरी चाचणी: चष्मा असणाऱ्यांनी चष्मा काढून पाहावे. डागाची कडा पुसट होते, शेजारच्या कॅलेंडरवरचे आकडे पुसट होतात, पण दाणे मात्र तितकेच रेखीव राहतात. भिंतीवरची खरी वस्तू असती, तर तीही पुसट झाली असती.

तिसरी चाचणी: जाड कागदाला टाचणीने भोक पाडा आणि त्या भोकातून डागाकडे पाहा. डाग अंधुक होतो, पण दाणे चांगले मोठे होतात.

चौथी चाचणी: डागाकडे पाहत मागे मागे जा. दूर गेल्यावर वस्तू लहान दिसते हा रोजचा अनुभव. डागही लहान दिसू लागतो, दाणे मात्र लहान होत नाहीत. त्यामुळे डागात मावणाऱ्या दाण्यांची संख्या कमी कमी होत जाते.

एवढ्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. आपण पाहतो ते दाणे म्हणजे भिंतीवरचे चुन्याचे कण नव्हेत. पाहणारा डोळा बदलला की दाणे बदलतात. तरीही भिंतीचा त्यांच्याशी काही संबंध नाही असेही म्हणता येत नाही, कारण भिंत किंचित सरकवली (म्हणजे भिंतीऐवजी पुठ्ठा घेऊन तो सरकवला) तरी दाणे बदलतात. भिंत आणि डोळा या दोघांचा वाटा कसा वेगळा काढायचा? त्यासाठी प्रकाशाच्या तरंगांकडे वळावे लागेल.

उंचसखल भिंत आणि तरंगांची बेरीज

लाल पॉइंटरच्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ६५० नॅनोमीटर, म्हणजे ०.६५ मायक्रॉन असते. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाच्या जाडीत असे शंभरावर तरंग मावतात. या मापाने पाहिले, तर हाताला गुळगुळीत लागणारी भिंत, कागद किंवा पुठ्ठा म्हणजे डोंगरदऱ्यांचा मुलूख आहे.

समजा, भिंतीवरच्या दोन शेजारच्या बिंदूंपैकी एक दुसऱ्यापेक्षा थोडा खोल आहे. खोल बिंदूवरून परतणाऱ्या तरंगाला जाताना आणि येताना असे दोनदा जास्तीचे अंतर कापावे लागते. हे जास्तीचे अंतर तरंगलांबीच्या निम्मे झाले, तर एका तरंगाचा उंचवटा आणि दुसऱ्या तरंगाचा खळगा एकाच वेळी पोहोचतात आणि एकमेकांना खोडून टाकतात. त्यासाठी खोलीत फरक किती लागतो? तरंगलांबीच्या फक्त पाव भागाएवढा, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे सहा हजाराव्या भागाएवढा! भिंतीवर याहून कितीतरी मोठे चढउतार पावलोपावली असतात. म्हणून भिंतीवरच्या निरनिराळ्या बिंदूंवरून येणारे तरंग एकमेकांच्या पुढेमागे कसेही असतात. त्यांच्या कलांमध्ये कसलीही शिस्त नसते.

आता डोळ्याकडे येऊ. डोळ्याला भिंतीवरचा प्रत्येक बिंदू सुटा दिसत नाही. एका मर्यादेपेक्षा लहान तुकड्यातले सगळे तपशील दृष्टिपटलावर एकाच जागी पडतात. ही मर्यादा प्रकाशाच्या विवर्तनामुळे येते आणि तिचा अंदाज एका साध्या सूत्राने काढता येतो: तरंगलांबीला भिंतीच्या अंतराने गुणायचे आणि बाहुलीच्या व्यासाने भागायचे. भिंत तीन मीटरवर आणि बाहुली तीन मिलिमीटरची धरली, तर उत्तर सुमारे ०.६५ मिलिमीटर येते. म्हणजे भिंतीवरचा साधारण अर्ध्यापाऊण मिलिमीटरचा तुकडा आपल्या दृष्टीने एकच ‘बिंदू’ आहे. भिंतीवरचे उंचवटे दहा दहा मायक्रॉनांवर आहेत असे समजले, तर या एका तुकड्यात सुमारे चार हजार उंचवटे येतात. या चार हजार ठिकाणांहून निघालेले तरंग दृष्टिपटलावर एकाच जागी येऊन मिसळतात. त्यांची बेरीज योगायोगाने भक्कम झाली, तर तिथे तेजस्वी दाणा दिसतो. बहुतेक तरंगांनी एकमेकांना खोडले, तर तिथे काळोख. शेजारच्या तुकड्यातले उंचवटे वेगळे, म्हणून तिथली बेरीजही वेगळी.

भिंत आणि डोळा यांची कामे आता वेगळी काढता येतात. कोणत्या तरंगाला किती उशीर होणार, हे भिंत ठरवते. त्यातले कोणते तरंग एकत्र मिळवायचे, हे डोळा ठरवतो. डोके हलवले की प्रत्येक तरंगाचे डोळ्यापर्यंतचे अंतर थोडे वेगळे बदलते आणि सगळ्या बेरजा नव्याने होतात. टाचणीच्या भोकामुळे बाहुली जणू अर्ध्या मिलिमीटरची झाली, की तुकड्याचा आकार सूत्राप्रमाणे सुमारे चार मिलिमीटर होतो आणि दाणे मोठे दिसतात. अंतर दुप्पट केले की तुकडाही दुप्पट होतो, म्हणून मागे गेल्यावर दाणे लहान होत नाहीत. आणि डोळ्याने भिंत नीट केंद्रित केली नाही, तरी तरंगांची बेरीज होतच राहते, म्हणून चष्मा काढल्यावरही दाणे रेखीव असतात. चारही चाचण्यांचा हिशेब लागला.

या दाण्यांना इंग्रजीतून आलेला ‘स्पेकल’ हा शब्द आता शास्त्रज्ञांमध्ये रूढ झाला आहे. आपण मात्र दाणे असेच म्हणू.

चिठ्ठ्यांचा खेळ

बेशिस्त तरंगांची बेरीज कशी होते, हे समीकरणांशिवाय वर्गात करून पाहता येते. एक ते बारा आकड्यांच्या चिठ्ठ्या करून डब्यात ठेवा. प्रत्येक विद्यार्थ्याने एक चिठ्ठी उचलायची, आकडा पाहायचा आणि चिठ्ठी परत डब्यात टाकायची. आकडा म्हणजे घड्याळातली दिशा: बारा म्हणजे वर, तीन म्हणजे उजवीकडे, सहा म्हणजे खाली. वहीत त्या दिशेने एक सेंटिमीटरचा बाण काढायचा. पुढच्या चिठ्ठीचा बाण पहिल्याच्या टोकापासून सुरू करायचा. असे दहा बाण झाले, की सुरुवातीच्या बिंदूपासून शेवटच्या टोकापर्यंतचे सरळ अंतर मोजायचे आणि त्याचा वर्ग करायचा.

इथे प्रत्येक बाण म्हणजे भिंतीवरच्या एका उंचवट्याकडून आलेला तरंग आणि बाणाची दिशा म्हणजे त्याची कला. शेवटचे अंतर हा एकूण तरंगाचा आयाम, आणि त्याचा वर्ग ही प्रकाशाची तीव्रता. प्रत्येक विद्यार्थ्याची वही म्हणजे डागातली एक जागा.

चाळीस विद्यार्थ्यांचे आकडे फळ्यावर लिहा. त्यांची सरासरी दहाच्या आसपास येईल. पण सगळ्यांचे आकडे दहाच्या जवळ असतील असे मात्र नाही. हिशेबाप्रमाणे सुमारे पंचवीस जणांचे आकडे सरासरीपेक्षा कमी येतात, त्यातले कित्येक अगदी लहान. पाच-सहा जणांचे आकडे सरासरीच्या दुपटीहून मोठे असतात आणि एखाद-दुसऱ्याचा तिपटीहूनही मोठा. लेसरच्या डागातही नेमके हेच घडते. सुमारे ६३ टक्के जागा सरासरीपेक्षा अंधाऱ्या असतात आणि फक्त ५ टक्के जागा सरासरीच्या तिपटीहून तेजस्वी. म्हणूनच पुष्कळशा काळोखावर थोडे चमकदार दाणे पेरल्यासारखे चित्र दिसते. बाण दहा असोत किंवा चार हजार, सरासरीच्या प्रमाणात पाहिले तर हे गुणोत्तर जवळजवळ तेच राहते. चुन्याची भिंत घ्या, कागद घ्या किंवा विटकर घ्या, दाण्यांचा तोंडवळा सारखाच का असतो, त्याचे कारण हे.

एकाच स्वराच्या पण बेशिस्त कलांच्या अनेक कंपनांची बेरीज कशी होते, हा प्रश्न लॉर्ड रॅले यांनी १८८० मध्येच सोडवला होता. तेव्हा त्यांच्यासमोर लेसर असण्याचा प्रश्नच नव्हता.

बॅटरीच्या प्रकाशात दाणे का नाहीत?

बॅटरीचा प्रकाशही तरंगांचाच आणि भिंतही तितकीच खडबडीत. मग तिथे दाणे का दिसत नाहीत? चिठ्ठ्यांचा खेळ इथेही उपयोगी पडतो. लेसरचा प्रकाश सुसंगत असतो, म्हणजे तरंगांमधला पुढेमागेपणा एकदा ठरला की भिंत आणि डोळा हलेपर्यंत तो तसाच राहतो. चिठ्ठ्या एकदाच उचलल्या जातात आणि वहीतली आकृती कायम राहते. बॅटरीतल्या प्रकाशात मात्र अनेक तरंगलांब्या मिसळलेल्या असतात. पांढऱ्या प्रकाशातील तरंगांची एकमेकांशी असलेली संगती जेमतेम एक मायक्रॉन अंतरापर्यंत टिकते. भिंतीचे चढउतार त्याहून मोठे, म्हणून एका उंचवट्यावरून आलेल्या तरंगाचा दुसऱ्याशी मेळ राहत नाही. शिवाय बॅटरीचा प्रकाश एका बिंदूतून निघत नाही. दिव्याचा प्रत्येक भाग स्वतःचे वेगळे दाणे तयार करतो आणि ते एकमेकांवर पडतात. जणू प्रत्येक विद्यार्थी सेकंदाला अब्जावधी वेळा नव्याने चिठ्ठ्या उचलतो आहे. डोळा इतका चपळ नाही. त्याला फक्त सरासरी दिसते. आणि सरासरी तर सगळ्या वह्यांत सारखीच, दहा. म्हणून डाग सपाट दिसतो.

आपल्या पाठ्यपुस्तकांत व्यतिकरण म्हटले की दोन चिरांचा प्रयोग येतो. चिरा अरुंद हव्यात, त्यांतले अंतर नेमके हवे, तेव्हा कुठे काळेपांढरे पट्टे दिसतात. त्यामुळे व्यतिकरण ही काळजीपूर्वक जुळवलेल्या उपकरणातच घडणारी, दुर्मीळ गोष्ट आहे असा मुलांचा समज होतो. ‘प्रकाशात प्रकाश मिळवला की अंधार होऊ शकतो’ हे वाक्य ती पाठ करतात, उत्तरपत्रिकेत लिहितात, पण ते कधी पाहत नाहीत. खरे तर व्यतिकरणासाठी चिरा लागत नाहीत. शाळेच्या ओबडधोबड भिंतीवर ते एका वेळी हजारो ठिकाणी चाललेले असते. डागातला प्रत्येक काळा ठिपका म्हणजे प्रकाशात प्रकाश मिसळून झालेला अंधार आहे.

लेसरच्या आधीचे दाणे

पहिला लेसर थिओडोर मेमन यांनी मे १९६० मध्ये अमेरिकेत चालवून दाखवला. त्यानंतर दोनच वर्षांनी हेलियम-निऑन लेसरचा अखंड लाल झोत मिळू लागला आणि तो वापरणाऱ्यांना हे दाणे दिसले. बेल प्रयोगशाळेतील रिग्डेन आणि गॉर्डन यांनी १९६२ मध्ये त्यांविषयी टिपण प्रसिद्ध केले. पण या गोष्टीचा इतिहास त्याहून जुना आहे. काचेवर बारीक कण बसले असतील किंवा वाफ धरली असेल, तर तिच्यातून दिव्याकडे पाहताना भोवती खळे दिसते. हे खळे नीट पाहिले तर ते सलग नसून दाणेदार असते, हे व्हिएन्नाच्या कार्ल एक्स्नर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच नोंदवले होते. क्ष-किरणांच्या विवर्तनासाठी प्रसिद्ध असलेल्या फॉन लाउए यांनीही १९१४ च्या सुमारास यावर काम केले.

आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रामन यांच्या हाताखाली काम करणाऱ्या जी. एन. रामचंद्रन यांनी १९४३ मध्ये अशा खळ्यांतील तीव्रतेच्या चढउतारांवर शोधनिबंध लिहिला. हेच रामचंद्रन पुढे प्रथिनांच्या रचनेवरील संशोधनामुळे जगप्रसिद्ध झाले.

होलोग्राफीचे जनक डेनिस गाबोर यांना मात्र हे दाणे म्हणजे एक डोकेदुखी वाटत होती, कारण लेसरने घेतलेली चित्रे त्यांच्यामुळे खराब होत. दाणे घालवावेत कसे, यावर त्यांनी १९७० मध्ये एक लेख लिहिला. आजही लेसरवर चालणाऱ्या प्रोजेक्टरांच्या निर्मात्यांना हाच प्रश्न सोडवावा लागतो. त्यांची युक्ती आपल्याला आता ओळखीची वाटेल: प्रकाशाच्या वाटेतला पडदा थरथरवायचा किंवा किंचित वेगवेगळ्या तरंगलांब्या मिसळायच्या, म्हणजे चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा उचलल्या जातात आणि डोळ्याला सरासरी दिसते.

दूध, दही आणि रक्त

काही शास्त्रज्ञांनी मात्र उलटा विचार केला. प्रत्येक दाणा भिंतीवरच्या बारीकसारीक चढउतारांतून जन्मतो आणि त्या चढउतारांत मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाचा बदल झाला तरी दाणा बदलतो. मग हा त्रास नसून मोजमापाचे अतिशय नाजूक साधन नाही का?

हे पाहण्यासाठी दोन वाट्या घ्या. एकीत दूध, दुसरीत घट्ट विरजलेले दही. भिंगाने पसरवलेला प्रकाश तिरका, खालच्या दिशेने, दोन्हींवर आळीपाळीने पाडा आणि विरुद्ध बाजूला कुणी उभे नाही याची खात्री करा. दुधावर दाणे जवळजवळ दिसतच नाहीत. दुधातले स्निग्ध पदार्थांचे सूक्ष्म थेंब सतत वळवळत असतात, त्यामुळे दाणे इतक्या झपाट्याने बदलतात की डोळ्याला सरासरीच दिसते. दह्यात हेच थेंब प्रथिनांच्या जाळ्यात अडकून पडलेले असतात, म्हणून तिथे दाणे दिसू लागतात. विरजण लावल्यापासून तासातासाने पाहिले तर मुलांना हा बदल टिपता येईल. तसेच झाडाचे ताजे पान आणि साधा कागद शेजारी ठेवून पाहा. आपण स्थिर असू तर कागदावरचे दाणे स्थिर राहतात, पण जिवंत पानावरचे दाणे मंद उकळल्यासारखे हलतात, कारण पानाच्या आत हालचाल चालू आहे.

हीच कल्पना वैद्यकात आली. फर्शर आणि ब्रायर्स यांनी १९८१ मध्ये डोळ्याच्या दृष्टिपटलातील रक्तप्रवाह पाहण्यासाठी लेसरच्या दाण्यांचा वापर सुचवला. छायाचित्र घेताना कॅमेऱ्याची झडप ठरावीक काळ उघडी राहते. रक्तपेशी वाहत असतील, तर तेवढ्या वेळात तिथले दाणे बदलून पुसट होतात. जिथे प्रवाह नाही तिथे ते ठळक उमटतात. म्हणजे दाण्यांचा ठळकपणा मोजला की रक्त कुठे वेगाने वाहते आणि कुठे अडले आहे, याचा नकाशा मिळतो, आणि तोही शरीरात सुई न टोचता किंवा रंगद्रव्य न घालता. भाजलेल्या त्वचेत रक्त किती खेळते आहे, हे पाहायला आज हे तंत्र वापरले जाते.

आकाशातले दाणे

तारे लुकलुकतात आणि ग्रह लुकलुकत नाहीत, हे आपण शाळेत सांगतो. तोही याच घराण्यातला प्रश्न आहे. तारा इतका दूर असतो की त्याचा प्रकाश जवळजवळ एका बिंदूतून आल्यासारखा असतो. वातावरणातले गरम-थंड हवेचे थर या प्रकाशासाठी ‘खडबडीत भिंती’चे काम करतात आणि ही भिंत सतत हलत असते. ग्रहाची चकती लहान दिसली तरी तिच्यात असंख्य बिंदू असतात. बॅटरीप्रमाणेच त्यांची सरासरी होते आणि प्रकाश स्थिर वाटतो.

मोठ्या दुर्बिणीतून ताऱ्याचे छायाचित्र सेकंदाच्या शंभराव्या भागासारख्या अल्प काळात घेतले, तर एक बिंदू न दिसता पुष्कळ दाण्यांचा घोळका दिसतो. फ्रान्सच्या आंत्वान लाबेरी यांनी १९७० मध्ये दाखवून दिले, की अशा अनेक छायाचित्रांतील दाण्यांचा अभ्यास केला, तर वातावरणाने पुसून टाकलेले तपशील परत मिळवता येतात. पालोमारच्या पाच मीटर दुर्बिणीने ही पद्धत वापरून काही मोठ्या ताऱ्यांचे कोनीय व्यास मोजले गेले आणि ते १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले.

वर्गात करताना

आता सुरुवातीच्या नियमाकडे येऊ. भिंत खडबडीत असते म्हणून दाणे दिसतात, आणि ती खडबडीत असते म्हणूनच हा प्रयोग सुरक्षित असतो. एक मिलिवॉटचा झोत भिंतीवर आपटून सगळीकडे विखुरला, की तीन मीटरवरच्या डोळ्यात त्याचा सुमारे चाळीस लाखावा भाग शिरतो. आरशावरून मात्र तोच झोत जवळजवळ जसाच्या तसा परततो, आणि आपल्या डोळ्यातले भिंग त्याला दृष्टिपटलावर टाचणीच्या टोकापेक्षाही लहान जागेत एकवटते. तिथे झालेली जखम भरून येत नाही. बाजारातल्या स्वस्त पॉइंटरांवर लिहिलेला शक्तीचा आकडा नेहमी खरा असतोच असे नाही. अनेक हिरव्या पॉइंटरांतून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरणही बाहेर पडू शकतात. म्हणून ओळखीच्या, विश्वासू विक्रेत्याकडचा कमी शक्तीचा लाल पॉइंटरच घ्यावा आणि तास संपल्यावर तो कपाटात ठेवावा. जत्रेत घेतलेला पॉइंटर मुले एकमेकांच्या तोंडावर मारत असतील, तर त्यांना थांबवण्याआधी हे चाळीस लाखांचे गणित जरूर सांगावे. नुसत्या दटावणीपेक्षा ते जास्त लक्षात राहते.

डागाकडे पाहणाऱ्या मुलांची दृष्टी कशी आहे, याचाही या दाण्यांवरून अंदाज येतो. चष्मा न लावता डोके हळूच उजवीकडे नेले, आणि दाणे डावीकडे सरकल्यासारखे वाटले, तर त्या डोळ्याला दूरचे अंधुक दिसत असण्याची शक्यता असते. दाणे डोक्याबरोबर उजवीकडेच गेले, तर दोष उलट प्रकारचा. ते जागच्या जागी नुसते चमचमत राहिले, तर डोळा भिंतीवर नीट केंद्रित होतो आहे. अर्थात ही डॉक्टरांची तपासणी नव्हे. पण मागच्या बाकावरच्या एखाद्या मुलाला फळा नीट दिसत नाही, हे कधी कधी अशा वेळी पहिल्यांदा समजते आणि मग त्याला वेळेवर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवता येते.

सगळे प्रयोग झाल्यावर मुलांना एक प्रश्न घरी न्यायला द्यावा. शेजारी बसलेल्या दोन मुलींनी एकाच डागाकडे पाहून त्यातल्या दाण्यांचे अगदी हुबेहूब चित्र काढले, तर ती दोन चित्रे एकमेकींशी जुळतील का? आणि जुळली नाहीत, तर दोघींपैकी कुणाचे चित्र खरे?